हेल्मेटमधले दोन डायॉप्टरचे भिंग: ओव्हरहेड वेल्डिंगमध्ये बीड जागेवर बसवण्यासाठी कितपत उपयोगी?

ओव्हरहेड स्थितीत, म्हणजे डोक्यावरच्या जोडावर खालून, स्टिक वेल्डिंग (लेप दिलेल्या रॉडने केलेले वेल्डिंग) करताना माझा बीड, म्हणजे रॉड वितळून बसलेली धातूची पट्टी, ठरलेल्या जागेवरून सरकतो, याचा दोष मी बरेच दिवस हाताला देत होतो. रॉडची जाडी बदलून पाहिली, करंट पाच-पाच अँपिअरने खाली-वर केला, कोपराला आधार दिला, केबलचे ओझे मनगटावर येऊ नये म्हणून ती खांद्यावरून घेतली. या सगळ्याने बीड सुबक येऊ लागला, त्यावरच्या लहरी एकसारख्या दिसू लागल्या, पण तो जिथे बसायला हवा तिथे काही बसेना. आधीच्या बीडवर अर्धा चढायचा तो कधी पूर्णच अंगावर चढे, तर कधी दोघांच्या मध्ये स्लॅग (रॉडच्या लेपाची वितळून गोठलेली मळी) अडकून राहील अशी घळ ठेवून पुढे निघून जाई. तीच प्लेट टेबलावर आडवी ठेवली, की मात्र तोच हात आखल्यासारखी सरळ रेघ ओढत असे. खाली सरळ चालणारा हात वर गेल्यावरच वाकडा का होतो, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला, आणि त्याचे निम्मे उत्तर माझ्या चष्म्यात सापडले.

चाळिशी लागलेल्या माणसाच्या बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, कारण वाचन, लेखन आणि बहुतेक हातकाम आपण नजर खाली झुकवून करतो. ओव्हरहेड वेल्डिंगमध्ये नजर वर जाते आणि काचेच्या वरच्या, म्हणजे दूरच्या नंबरच्या भागातून आपण चाळीस-पन्नास सेंटिमीटरवरचा जोड पाहू लागतो. जवळचा भाग डोळ्यासमोर आणायचा तर मान इतकी मागे टाकावी लागते, की पाच मिनिटांत ती अवघडते आणि हेल्मेट पाठीला टेकते. छताकडे पाहून काम करणाऱ्यांसाठी खाली आणि वर अशा दोन्ही ठिकाणी जवळचा नंबर असलेले चष्मे मुद्दाम बनवले जातात. म्हणजे ही अडचण चष्मे बनवणाऱ्यांना केव्हाच ठाऊक होती, मीच तिच्यापासून अनभिज्ञ होतो. तसा चष्मा करून घेण्याऐवजी मी हेल्मेटच्या आत बसणारे आवर्धक भिंग घेतले, आणि चार महिन्यांच्या वापरानंतर त्याचे हे परीक्षण लिहीत आहे.

ही वस्तू दिसायला अगदी साधी आहे. पॉलिकार्बोनेटची ५१ × १०८ मि.मी. मापाची आयताकृती पट्टी, एका बाजूने किंचित फुगीर, साधारण १.०० पासून ३.०० डायॉप्टरपर्यंतच्या (डायॉप्टर म्हणजे चष्म्याचा नंबर मोजण्याचे एकक) ताकदीत मिळणारी. हेल्मेटमध्ये ती सर्वांत आत, चेहऱ्याच्या बाजूला बसते. बाहेरून आत क्रम लावायचा तर आधी संरक्षक पांढरी काच, मग काळी किंवा आपोआप काळी होणारी फिल्टर काच, मग आतली पातळ पारदर्शक पट्टी आणि शेवटी हे भिंग. आर्कच्या, म्हणजे रॉड आणि प्लेटमधल्या विजेच्या प्रखर ज्योतीच्या, प्रकाशापासून, अतिनील वा अवरक्त किरणांपासून संरक्षणासाठी या भिंगावर विसंबता येत नाही. ते काम फिल्टर काचेचेच आहे आणि भिंग बसले म्हणून फिल्टरच्या क्रमांकात तडजोड करता येत नाही. माझ्या हेल्मेटमध्ये त्यासाठी खाचा आधीपासूनच होत्या, त्यामुळे बसवायला दोन मिनिटेही लागली नाहीत. ज्या हेल्मेटांत तशा खाचा नसतात, त्यांच्यासाठी वेगळी चौकट मिळते. मात्र पट्टी चिकटपट्टीने लटकवण्याचा मोह टाळावा, कारण मान मागे टाकताच ती नाकावर येते. हा प्रयोगही मी करून पाहिला आहे, हे कबूल केलेले बरे.

भिंगाची ताकद निवडणे हा या खरेदीतला खरा कळीचा भाग आहे आणि तिथेच बहुतेक जण चुकतात. ‘जास्त नंबर म्हणजे जास्त मोठे, म्हणजे जास्त चांगले’ असा हिशोब इथे लागू पडत नाही. १ ला डायॉप्टरने भागले की मीटरमध्ये जे अंतर येते, त्याच्या पलीकडचे सगळे त्या भिंगातून पुसट दिसते. १.५० साठी ही हद्द सुमारे ६७ सें.मी., २.०० साठी ५० सें.मी. आणि २.५० साठी ४० सें.मी. येते, आणि हे अंतर भिंगापासून मोजायचे असते. अलीकडची हद्द डोळ्यात स्वतःची किती ताकद शिल्लक आहे यावर ठरते. माझा दूरचा नंबर नगण्य आहे आणि पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या डोळ्यांत साधारण एक डायॉप्टरची ताकद उरली आहे, म्हणजे २.०० चे भिंग लावल्यावर मला ३३ ते ५० सें.मी. या पट्ट्यात स्पष्ट दिसते. ओव्हरहेड काम करताना माझा चेहरा आर्कपासून चाळीस ते पंचेचाळीस सेंटिमीटरवर असतो, हे मी सहकाऱ्याला बाजूला उभे करून टेपने मोजून घेतले होते. तो पट्टा आणि हे अंतर एकमेकांत नेमके बसतात.

हे गणित मी अर्थातच नंतर शिकलो. सुरुवातीला उत्साहाच्या भरात २.५० चे भिंग घेतले होते. त्यातून पडल, म्हणजे वितळलेल्या धातूचा डबका, थाळीएवढा दिसतो, असे क्षणभर वाटले. पण चाळीस सेंटिमीटरच्या पुढे काहीच धड दिसत नसल्याने चेहरा नकळत वर, थेट ठिणग्यांच्या वर्षावात जाऊ लागला. १.५० च्या भिंगाने उलट झाले: दूरचे छान दिसे, पण चाळीस सेंटिमीटरवर डोळ्यांना ताण पडे आणि तासाभराने कपाळ दुखू लागे. दोनाचे भिंग माझ्यासाठी योग्य ठरले, याचा अर्थ ते तुमच्यासाठी योग्य ठरेल असा नाही. आपल्या कामाचे अंतर मोजून घ्यावे आणि चष्म्याच्या दुकानात ‘या अंतरासाठी मला किती नंबर लागेल’ असे विचारावे; वाचनाच्या नंबरापेक्षा हे उत्तर पुष्कळदा थोडे कमी येते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: बीड जागेवर बसू लागला का? त्यासाठी मी १० मि.मी. जाडीची एक प्लेट डोक्यावर पक्की केली आणि तिच्यावर ३.१५ मि.मी. जाडीच्या ७०१८ या कमी हायड्रोजनच्या प्रकारातल्या रॉडने, रॉड धन टोकाला जोडून, ११५ अँपिअरवर शेजारी-शेजारी बीड टाकून पूर्ण पृष्ठभाग भरण्याचा सराव केला. आधी भिंगाशिवाय, मग भिंगासह. या सरावात चूक लपवता येत नाही, कारण प्रत्येक नवा बीड आधीच्या बीडची कड हीच आपली रेघ मानून चालतो, आणि एक वाकला की पुढचे सगळे त्याच्यामागे वाकत जातात.

ओव्हरहेडमध्ये वितळलेला धातू खाली न पडता वर टिकतो तो मुख्यतः पृष्ठताण आणि आर्कचा दाब यांच्या जोरावर. म्हणून आर्क आखूड आणि पडल लहान ठेवावा लागतो, रॉड रुंद झुलवता येत नाही आणि अरुंद, सरळ बीडच टाकावे लागतात. माझा बीड आठ-नऊ मिलिमीटर रुंद येत असे. त्याने आधीच्या बीडचा अर्धा भाग झाकावा यासाठी रॉडचे टोक आधीच्या बीडच्या कडेवर, जिथे तो प्लेटला मिळतो त्या रेषेवर, नेमके धरावे लागते. दोन मिलिमीटर आत गेले की नवा बीड जुन्याच्या डोक्यावर बसून लोंबतो, दोन मिलिमीटर बाहेर गेले की मध्ये दरी पडते. सपाट स्थितीत पडल पसरून अशी चूक थोडीफार सांभाळून घेतो. डोक्यावर ती जशीच्या तशी गोठते. थोडक्यात, चाळीस सेंटिमीटरवरून काळ्या काचेतून एक-दोन मिलिमीटरचा फरक ओळखणे ही या कामाची पहिली अट आहे, आणि मी ते दूरच्या नंबराच्या काचेतून करू पाहत होतो.

भिंग लावल्यावर पहिल्याच बीडमध्ये जो बदल जाणवला तो आकाराचा नव्हता, कडांचा होता. आधी मला आर्क दिसत असे आणि त्याच्याभोवती एक लालसर, हलणारा ढग. आता त्या ढगाचे दोन भाग झाले: पुढचा चकचकीत, पाण्यासारखा वाहता धातू आणि त्याच्या मागे मंद, जाडसर सरकणारा स्लॅग. पडलची कड आधीच्या बीडच्या उतारावर चढताना दिसू लागली. ती बीडच्या माथ्यापर्यंत पोहोचली की रॉड किंचित बाहेर घ्यायचा, माथ्याच्या बऱ्याच खाली राहिली की किंचित आत, इतके सोपे ते काम झाले. नजर आर्कवर न ठेवता पडलच्या कडेवर ठेवावी, हे शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. पण जी कड दिसतच नाही तिच्यावर नजर ठेवणार कशी? भिंगाशिवाय भरलेल्या प्लेटवर सहाव्या-सातव्या बीडपासून रांग उघडपणे तिरपी गेली होती. भिंगासह भरलेली प्लेट निर्दोष नव्हती, रॉड बदलण्याच्या जागी गाठी होत्याच, पण शेवटचा बीड पहिल्याला समांतर होता.

कोनातल्या जोडात, म्हणजे ज्याला अमेरिकी पद्धतीत ४एफ आणि आयएसओ पद्धतीत पीडी म्हणतात त्या ओव्हरहेड फिलेटमध्ये, हा फायदा आणखी स्पष्ट होतो. पहिला बीड कोपऱ्यात गेला की पुढचे दोन त्याच्या दोन कडांवर बसवायचे असतात, आणि तिथे रॉड जरा वरच्या प्लेटकडे झुकला की प्लेट खोदली जाऊन अंडरकट पडतो. स्थिर भार घेणाऱ्या पोलादी बांधकामासाठीच्या एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१.१ या संहितेत २५ मि.मी.हून पातळ मालावर अंडरकटची मर्यादा सर्वसाधारणपणे १ मि.मी. आहे. वेल्डिंग चालू असताना अंडरकट आधी कडेशी बारीक खाचेसारखा दिसतो आणि तिथे क्षणभर थांबले की धातू वाहून ती खाच भरते. ही खाच मला पूर्वी स्लॅग झाडल्यानंतरच दिसत असे.

मात्र श्रेय सगळे भिंगाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण त्याच सुमारास मी हेल्मेटची शेडही, म्हणजे फिल्टर काचेच्या काळेपणाचा क्रमांकही, बदलली. डोळ्यांच्या भीतीने मी कायम १२ वर काम करत होतो. स्टिक वेल्डिंगसाठी ६० ते १६० अँपिअरच्या पट्ट्यात किमान शेड ८ आणि आरामदायी शेड १० सुचवली जाते. ११५ अँपिअरवर १२ लावणे म्हणजे आर्कभोवतीचा अंधार विकत घेणे होते. १० वर आल्यावर बीडची कड उजळली. दोन्ही बदल वेगवेगळे करून पाहिले तेव्हा असे दिसले, की केवळ शेड कमी केल्याने कड उजळते पण पुसटच राहते, आणि केवळ भिंग लावल्याने ती रेखीव होते पण अंधारातच राहते. ज्यांनी भिंग विकत घेऊन ‘काही फरक पडला नाही’ असे म्हटले असेल, त्यांनी एकदा शेडचे बटण कुठे आहे ते पाहावे.

भिंगामुळे काम करण्याच्या पद्धतीतही एक शिस्त पाळावी लागते, आणि तिचा उल्लेख वेष्टनावर कुठेही नसतो. माझे रॉड ३५० मि.मी. लांबीचे आहेत. रॉड जळत जातो तसा होल्डर धरलेला हात प्लेटच्या जवळ जातो, आणि अनेकांचे डोके नकळत हाताबरोबर वर जाते. भिंगाशिवाय हे खपून जाते. भिंगासह डोके तेहतीस सेंटिमीटरच्या आत गेले की चित्र पुसट होते आणि बीड अगदी रॉडच्या शेवटच्या तिसऱ्या भागात भरकटतो. यावर उपाय एकच, डोके जागेवर ठेवून केवळ खांदा आणि कोपर हलवणे. त्यासाठी आर्क पेटवण्याआधी पूर्ण लांबीची एक कोरडी फेरी मारून पाहतो. चेहरा आर्कच्या बरोबर खाली न ठेवता थोडा बाजूला ठेवतो, म्हणजे पडलची कड रॉडच्या आड जात नाही आणि ठिणग्याही अंगावर कमी पडतात. अगदी पडत नाहीत असे नाही. कातडी जाकीट, टोपी आणि कानात बोळे याला पर्याय नाही.

पहिले दोन दिवस आणखी एक गंमत झाली. भिंगाच्या मध्यातून न पाहता वरच्या भागातून पाहिले की समोरची वस्तू आहे त्याहून किंचित वर सरकलेली दिसते. बीड टाकताना याने काही बिघडत नाही, कारण रॉड आणि जोड दोन्ही सारखेच सरकतात. पण आर्क पेटवायला हात वर नेताना अंदाज चुकतो आणि रॉड भलत्याच जागी टेकतो. ७०१८ च्या बाबतीत हे विशेष त्रासदायक आहे, कारण भलत्या जागी उमटलेली आर्कची खूण तशीच सोडून देता येत नाही. मी रॉडचे टोक डाव्या हाताच्या मोज्यावर टेकवून जागेपर्यंत नेऊ लागलो आणि तिसऱ्या दिवसापासून अंदाज बसला. आपोआप काळ्या होणाऱ्या काचेचा इथे मोठा आधार होतो, कारण आर्क पेटण्याआधीही तिच्यातून जोड दिसत असतो. साध्या काळ्या काचेच्या हेल्मेटमध्ये हे भिंग लावणाऱ्याला अंधारात चाचपडण्याची सवय करावी लागेल.

जे दोष भिंगाने जात नाहीत त्यांचीही नोंद करतो. आर्क लांब असेल तर थेंब लोंबणार, करंट जास्त असेल तर बीड फुगून खाली येणार, रॉड ओलसर असेल तर ७०१८ ची कमी हायड्रोजनची सारी पुण्याई वाया जाणार. हाताचा कंप भिंगातून उलट अधिक दिसतो, आणि ठिणग्याही मोठ्या दिसतात, त्यामुळे सुरुवातीला मी उगाचच दचकत होतो. बीडची जागा चुकते आहे की बीडच बिघडतो आहे, हे आधी ठरवावे. दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यावर भिंग हे औषध नाही.

वस्तू म्हणून तिच्याविषयी माझ्या तक्रारी तीन आहेत. पहिली, ओरखडे. प्लास्टिकच्या या पट्टीवर हातमोज्याने एकदा जरी पुसले तरी केसाएवढ्या रेषा उमटतात, आणि आर्कचा प्रकाश त्या रेषांवर पसरतो. माझे दोनाचे पहिले भिंग असेच सहा आठवड्यांत निकामी झाले. दुसरी, वाफ आणि प्रतिबिंब. हेल्मेटमध्ये आणखी एक पृष्ठभाग वाढल्याने श्वासाची वाफ तिथे धरते, आणि मागून येणारा दिव्याचा उजेड भिंगावर पडून स्वतःच्याच नाकाचे प्रतिबिंब समोर तरंगते. मागे कापडी पडदा लावल्यावर प्रतिबिंब गेले, वाफ मात्र थंड सकाळी अजूनही त्रास देते. तिसरी तक्रार मोठ्या खिडकीच्या हेल्मेटबद्दल आहे: खिडकी भिंगापेक्षा उंच असल्याने वर पाहताना भिंगाची कड नेमकी नजरेच्या वाटेत येते आणि तिच्यावर एक बीड दोन होऊन दिसतो. खाचेत भिंग शक्य तितके वर सरकवल्यावर हे बरेच कमी झाले. आणखी एक बारीकसारीक गाऱ्हाणे म्हणजे, मी घेतलेल्या भिंगांपैकी एकावर ताकद छापलेलीच नव्हती. वेष्टन फेकून दिल्यावर ते कोणते, हे ओळखायला मला ते उन्हात धरून कागदावर ठिपका पाडावा लागला.

पर्याय म्हणून पूर्ण काचेत एकच जवळचा नंबर असलेला साधा चष्मा घालता येतो, आणि ज्यांना तिरकस नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल, आहे त्यांनी तोच विचार आधी करावा, कारण सपाट पट्टीचे भिंग तो नंबर दुरुस्त करत नाही. माझ्या बाबतीत मान मागे टाकली की घामाने चष्मा कपाळाकडे सरके, म्हणून मी भिंगावर राहिलो. ज्यांचा दूरचा चष्मा एकाच नंबराचा आहे, त्यांनी तो घालून त्याच्यावर भिंग वापरायला हरकत नाही. दीड-दोन उणे नंबर असलेल्यांना तर नुसता चष्मा काढून ठेवला तरी चाळीस-पन्नास सेंटिमीटरवरचे पुष्कळ चांगले दिसते, त्यांनी आधी ते फुकटात करून पाहावे. तरुण, निरोगी डोळ्यांच्या वेल्डरला या वस्तूची गरज नाही. माझ्या एका विशीतल्या सहकाऱ्याने माझे हेल्मेट चढवून अर्धा रॉड जाळला आणि ‘हे सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे आहे’ म्हणून परत दिले.

सध्या माझ्या हेल्मेटमध्ये दोनाचे दुसरे भिंग आहे. ते पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपतो, हेल्मेट उलटे ठेवत नाही, आणि भिंगाच्या कोपऱ्यावर ‘२.००’ असे पक्क्या शाईने लिहून ठेवले आहे. दीडचे भिंग टेबलावरच्या सपाट कामासाठी दुसऱ्या हेल्मेटमध्ये गेले, तिथे डोके आर्कपासून बरेच लांब असते आणि ते तिथे उत्तम चालते. अडीचचे मात्र खणात पडून आहे. स्लॅग झाडल्यावर बीडच्या कडा तपासताना ते हातात धरायला बरे पडते.